खपली समजून सोडलेली

मी खपली बोलतेय. म्हणजे या घरात मला खपली म्हणतात म्हणून मीही म्हणते. खरी मी कीड आहे. मसुरीच्या दाण्याएवढी, तपकिरी, पाठीवर वाटी पालथी घातल्यासारखं कवच. आवाज जरा हळूच ठेवलाय, कारण काकू अगदी जवळ आहेत.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर त्याचं अख्खं खानदान लागलंय. पान हललं तरी पोटात गोळा येतो. सध्या पोटाखाली अंडी आहेत, त्यामुळे गोळ्यालाही जागा उरलेली नाही.

मी इथली नव्हे. आमचं मूळ गाव कुठलं, ते आईला विचारायची सोय नव्हती. आमच्यात आई अंडी घालते आणि त्यांच्यावर छप्पर होऊन मरते. पोरं बाहेर पडतात तेव्हा वर नुसतं टरफल असतं. वडिलांचं म्हणाल तर आमच्यात त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही. जी काही माहिती मिळाली ती मुंग्यांकडून. मला दिसतं जेमतेम, जे कळतं ते फांदीतून येणाऱ्या थरथरीतून आणि या मुंग्यांच्या बडबडीतून. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आई दूरच्या नर्सरीतून ट्रकने आली, शोभेच्या एका झाडाच्या पानाखाली बसून. मूळ गावी आम्हाला हुडकून खाणारी एक माशी असते म्हणे. इथे ती नाही. हे ऐकूनही मला कधी धीर आला नाही, आज नाही तर उद्या येईल, असंच वाटत राहिलं.

ते शोभेचं झाड या घरात आणलं शेजारणीने. काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन नुकत्याच घरी आल्या होत्या. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून शेजारीण कुंडी घेऊन आली. "फळं आणणार होते, पण म्हटलं फळं दोन दिवसांत संपतात. हे राहील," असं म्हणाली. राहिलं खरं. कुंडी ठेवली गॅलरीत, काकूंच्या खिडकीखालच्या अनंताच्या झाडाला टेकून.

हा अनंत काकूंचा जीव की प्राण. अर्ध्या कापलेल्या पिंपात लावलेला, पुरुषभर उंचीचा. फुलं यायला लागली की काकू रोज एक तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या आणि मग घरात दुसरा वास म्हणून टिकायचा नाही. पण काकूंची लोखंडी खाट गॅलरीच्या दारातून आत नेताना खाटेचा पाय त्याच्या खोडाला घासला आणि वीतभर साल सोलली गेली.

तिथे काका आले. काका बत्तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची, हाच जन्मभराचा धंदा. गल्लीत त्यांना पट्टीकाका म्हणतात. कुणी खरचटून घेतलं की यांचे हात शिवशिवतात. त्यांनी घरातली गॉझ काढली आणि अनंताच्या खोडाला अशी पट्टी बांधली की डॉक्टरांनी बघत राहावं.

त्याच आठवड्यात मी जन्मले. तेव्हा मला सहा पाय होते आणि ते चालायचे. आयुष्यातला तो एकच चालण्याचा दिवस. शोभेच्या झाडावरून अनंतावर कशी आले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. वारा होता. माझ्या पुढची बहीण डोळ्यांदेखत उडून गेली. मी जीव मुठीत धरून खोड गाठलं आणि पट्टीच्या काठाखाली शिरले. आत काळोख, ऊब, वारा नाही, पाऊस नाही. सोंड खुपसली. रस आला. तिथेच बसले ती आजतागायत.

बसून बसून माझे हातपाय गळाले. तुम्ही घाबरलात की हे उगाच म्हणायला म्हणता, माझं खरोखरच झालंय. पाय आहेत कवचाखाली, पण वाळक्या धाग्यासारखे. त्यांच्यावर आता काही उभं राहायचं नाही. सुखाच्या जागी बसलं की असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच-सहा आठवड्यांनी काकांनी पट्टी सोडली.

तो दिवस मी विसरणार नाही. एकदम उजेड. डोक्यावर काकांचा अंगठा, मलमाच्या वासाचा. जखमेभोवती आम्ही साठ-सत्तरजणी दाटीवाटीने बसलेल्या. अळीमिळी गुपचिळी, एकीनेही श्वास सोडला नाही.

"अगं, खपली धरली बघ," काका खिडकीतून म्हणाले.

"झाडाला कसली खपली?" आतून काकू.

"जखम ती जखम. माणसाची काय नि झाडाची काय."

"मग उचलून बघा ना जरा, आत काय आहे."

"खपली काढायची नसते. बत्तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो. ओली असताना काढली की पुन्हा रक्त. वाळली की आपली आपण गळते. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

आणि स्वच्छ नवी गॉझ घेऊन त्यांनी आम्हाला पुन्हा झाकलं. हळुवार. गाठसुद्धा आमच्यावर येऊ दिली नाही. मला हसावं की रडावं कळेना. जगात आमच्या जातीला नखाने चिरडतात, साबणाच्या पाण्याने धुतात, फांदीसकट जाळतात, आणि इथे हा भला माणूस आम्हाला पांघरूण घालत होता.

काकूंच्या बाबतीतही त्यांचं तेच चाललं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, म्हणाल्या, हाड जुळलंय, आता रोज वॉकर धरून गॅलरीपर्यंत चालायचं. त्यांची पाठ वळताच काका पुटपुटले, "त्यांचं काय जातंय सांगायला? पडलीस तर?" वॉकर दाराआड गेला. काकूंची उशी सारखी करायची, पायाखाली गादीची घडी द्यायची, चहा हातात. काकू म्हणायच्या, "अहो, मला उठू द्या." काका म्हणायचे, "अनंताला पहिलं फूल येऊ दे. त्या दिवशी मी स्वतः तुला गॅलरीत नेतो. तोवर पाय चांगला भरून येईल."

तेव्हा मला कळलं, काका माझ्याच जातकुळीचे आहेत. भित्रे. फक्त त्यांची भीती दुसऱ्याच्या अंगावर पांघरूण होऊन पडते.

काकूंनी ते वचन धरून ठेवलं. रोज सकाळी विचारायच्या, "कळ्या आल्या का?" काका म्हणायचे, "धरतायत." आणि मी पट्टीखाली रस ओढत बसायची. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी मोजले नाहीत, चोखले. आम्ही पितो त्यातलं अर्धं गोड पाणी होऊन अंगातून बाहेर पडतं. ते चाटायला मुंग्या येतात, त्याबदल्यात राखण करतात आणि बातम्या देतात. उरलेलं पानांवर सांडतं, त्याच्यावर काजळी धरते. माझ्या बहिणी वर फांद्याफांद्यांवर पोचल्या होत्या. अनंत काळवंडला. पानं पिवळी पडायला लागली. कळ्या यायच्या, हिरव्या, घट्ट, आणि उमलण्याआधीच गळायच्या. काका त्या सकाळी लवकर उठून वेचायचे आणि खिशात टाकायचे, काकूंना दिसू नयेत म्हणून.

मला सगळं कळत होतं. झाड मेलं की मीही मरणार, हेही कळत होतं. तुम्ही म्हणाल, मग सोंड काढायची. काढून जाऊ कुठे? आणि आता पोटाखाली दोनशे अंडी. फुटायला चार दिवस हवेत. मला फक्त तेवढेच हवे होते. मनातल्या मनात म्हटलं, काका, आणखी चार दिवस भित्रे राहा.

आज सकाळी काका दूध आणायला गेले होते. एक कळी वाऱ्याने उडून खिडकीतून थेट काकूंच्या पांघरुणावर पडली. काकूंनी ती उचलली. बोटांना चिकटली. उशीच्या अभ्र्यावर काळे डाग होतेच, त्यांना त्या इतके दिवस गाड्यांचा धूर समजत होत्या. कळीवर एक मुंगी होती. काकूंनी मुंगीकडे बघितलं, मग चौकटीवरच्या रांगेकडे, मग ती रांग जिथून येत होती तिकडे. रांग सरळ पट्टीत शिरत होती.

काका आले. पिशवी ठेवायच्या आतच काकूंनी विचारलं, "अहो, वाळल्या खपलीला मुंग्या कशाला लागतील?"

काका थबकले. "आतून ओली असेल अजून."

"दोन महिने?"

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"तुमच्या वॉर्डात एखाद्याची खपली दोन महिने ओली राहिली, तर काय करायचात?"

"काढायचो," काका अगदी बारीक आवाजात म्हणाले. "खाली सडत असतं."

"मग काढा."

"हात धजत नाही गं. खाली झाड मेलेलं निघालं तर? फूल यायचंच नाही असं कळलं तर तू..." त्यांचा हात खिशाकडे गेला.

"खिशात काय आहे तुमच्या?"

काकांनी खिसा दाबून धरला. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे फुलाची वाट बघत मी या खाटेवर मरायचं. तुम्हाला चालेल, पडले नाही म्हणजे झालं. वॉकर आणा."

"अगं, पण..."

"नका आणू. मी अशीच येते."

खाट करकरली. मुंग्या धावत आल्या, म्हणाल्या, उठली. एक पाय खाली. दुसरा खाली. काकांनी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. भिंत धरली. दाराची चौकट धरली. खाटेपासून गॅलरीपर्यंत सहा पावलं, पण मला वाटलं ती बाई जन्मभर चालतेय आणि फक्त माझ्याकडेच येतेय. कर्र... थांबली. पुन्हा एक पाऊल. मुंग्या राखणदार म्हणवतात, पण त्या आता पळाल्या. मी ओरडू शकत नाही, हलू शकत नाही, पोरांना बाहेर ढकलू शकत नाही. आणखी चार दिवस, एवढंच म्हणतेय.

पट्टीची गाठ सुटली. उजेड आला.

"काका नाही, काकू आहे," शेजारची बहीण कुजबुजली, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या जागी काही नव्हतं. नखाचा आवाज झाला, कट्. ती गेली तिथे खाली साल आहे. हिरवी. ओली, पण जिवंत.

"अहो, इकडे या," काकू म्हणाल्या. "हे बघा. याला तुम्ही पांघरूण घालत होता."

काका आले असावेत. त्यांचा श्वास ऐकू येतोय. "कीड," ते म्हणाले. आणि मग, "मला ओळखता आली नाही." त्यांचा आवाज ऐकून मला त्यांचीसुद्धा दया आली.

"साबणाचं पाणी करा. आणि दातांचा जुना ब्रश आणा. मी आहे इथे."

"तू बस आधी. खुर्ची आणतो."

"उभी आहे मी."

काका आत गेले. माझ्या डावीकडच्या तिघी गेल्या. आता चौथी. लोकहो, तुमच्याकडे काही मागावं असं तोंड मला उरलेलं नाही. एवढंच सांगते, तुम्ही झाडाला हात लावाल तेव्हा आम्हीही तो हात ओळखून असतो. हा हात मला ओळखता येतोय. काकूंनी एका हाताने खोड घट्ट धरलंय, पडू नये म्हणून, आणि त्या खोडातून त्यांच्या गुडघ्यांची थरथर सरळ माझ्या पोटाखाली येऊन पोचतेय. त्याही घाबरल्यात. माझ्याइतक्याच घाबरल्यात. पण नख थांबत नाहीये.