टोपलीवर जळणारा फ्रिज

पोटात बारा महिने गारठा असूनही मी आयुष्यात जितका जळलोय, तितकी स्वयंपाकघरातली शेगडीही जळली नसेल. मी फ्रिज. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये खिडकीखाली उभा आहे, तोच. पांढरा, एकदारी, खांद्यावरच्या रंगाचा थोडा पोपडा निघालेला. आज हॉलमध्ये कोणी नाही, म्हणून जरा मन मोकळं करतो.

जळायची सवय मला दुकानातच लागली. कारखान्यातून निघून मी एका मोठ्या दुकानाच्या काचेआड आलो, तेव्हा माझ्या शेजारी दोन दारांचा, राखाडी रंगाचा, उंचापुरा फ्रिज उभा होता. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे वळायचं. त्याचं एक दार उघडायचं, दुसरं उघडायचं, आतला दिवा बघून खूश व्हायचं. माझ्याकडे बघायचं ते त्याची किंमत ऐकल्यावर. असं कोणाच्या तरी मागून निवडलं जाणं फार बोचतं.

मग एके दिवशी एक नवं जोडपं आलं. नवरा त्या राखाड्याभोवती घुटमळत होता. बायकोने मात्र सरळ माझं दार उघडलं, आत हात घालून बघितला आणि म्हणाली, "आपलं यात मावेल की."

त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

पुढे त्यांना मुलगी झाली. ती त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणायला लागलो. आई घरीच शिवणकाम करायची. कोणाच्या पँटची चेन बदल, कोणाचा झगा आखूड कर, असली कामं. बाबा शहरातल्या एका भल्यामोठ्या दुकानात भाजी विभाग सांभाळायचे. तिथलाच माल घरी यायचा. एका साच्यातून काढल्यासारखे सारखे टोमॅटो, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काकड्या, डब्यात बंद पालक. सगळं माझ्या पोटात जायचं आणि दिवसचे दिवस तसंच्या तसं राहायचं. "काय टिकतं बघ," बाबा अभिमानाने म्हणायचे. टिकवणारा मी होतो, पण बाबांनी कौतुक केलं की ते मला माझंच वाटायचं.

माणसांची एक गंमत मला तिथेच कळली. भूक नसली तरी ती माझं दार उघडतात, आत बघत उभी राहतात आणि काही न घेता लावून टाकतात. थोड्या वेळाने पुन्हा येतात, जणू मधल्या वेळात आत काही जन्माला आलं असेल. मुलगी तर अभ्यास नकोसा झाला की माझ्यासमोरच येऊन उभी राहायची. त्या घरात माझ्याइतका भाव कोणाला नव्हता.

मुलगी मोठी झाली आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. बाबा सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मधला सगळा दिवस आई आणि तिचं शिलाई मशीन. कधी कधी ती मशीनशी बोलायची. "आता तू तरी दोरा तोडू नकोस गं," म्हणायची. मला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर मशीनचा रागही यायचा. माझ्याशी का नाही बोलत?

आणि मग ती टोपली आली.

झालं असं की आई एकदा शिवलेला पडदा द्यायला वाचनालयात गेली. मागच्या हॉलमध्ये गर्दी दिसली म्हणून डोकावली. तिथे शेजारपाजारच्या लोकांनी एक क्लब काढला होता. जवळपासच्या शेतकऱ्यांना आधी सांगून ठेवायचं कोणाला काय हवं ते. गुरुवारी ते स्वतः माल घेऊन येणार. सभासदांनी मिळून तो निवडायचा, वजन करायचा, वाटून घ्यायचा. मध्ये दुकान नाही, गोदाम नाही. आई नुसती बघायला उभी राहिली होती. कोणीतरी तिच्या हातात बीटची जुडी देऊन म्हणालं, "जरा पाला कापून देता का?" आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली.

घरी आली ती वेताची टोपली कडेवर घेऊन. तान्हं मूल घ्यावं तशी. टोपलीत मातीने माखलेली गाजरं होती, वेडेवाकडे टोमॅटो होते, एक गोल गरगरीत भोपळा होता. मी दार उघडण्याची वाट बघत होतो. आईने टोपली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

बाबा म्हणाले, "अगं, टोमॅटो फ्रिजमध्ये टाक. खराब होतील."

"गारठ्यात ठेवले की चव जाते यांची," आई म्हणाली. "भोपळेकाकांनी सांगितलंय."

चव जाते म्हणे. इतकी वर्षं मी रात्रंदिवस राबलो, ती काय चव घालवायला? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भोपळेकाका म्हणजे तो भोपळा पिकवणारा शेतकरी. क्लबात सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे. बाबांनी टोमॅटोची एक फोड तोंडात टाकली. दुसरी टाकली. मग म्हणाले, "आमच्याकडेही असे येतात."

"नाही येत," आई शांतपणे म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात जळणारे आम्ही दोघे झालो. मी टोपलीवर आणि बाबा भोपळेकाकांवर.

दर गुरुवारी आई फुलून यायची. जेवताना तिचं सुरू व्हायचं. भोपळेकाकांच्या शेतात ससे शिरले, भोपळेकाका म्हणतात या वर्षी घेवडा चांगला येणार, भोपळेकाकांना मुळ्याचा पाला फेकलेला चालत नाही. बाबा मान खाली घालून ऐकायचे. एकदा म्हणाले, "आता त्यांचं ताटच मांडायचं बाकी राहिलंय या घरात."

आई हसली. "मला वहिनी म्हणतात ते."

"वहिनी? मग मी कोण त्यांचा?"

"भाऊ."

"भाऊ म्हणे. भावाला भेटायला बरा कधी आला नाही."

आईला वाटलं ते थट्टा करतायत. मी समोरच उभा होतो. बाबांच्या हातातला घास तसाच राहिला होता, तो मला दिसला. मला त्यांची फार कणव आली. आणि थोडं बरंही वाटलं, कारण दुखणं वाटून घ्यायला कोणीतरी मिळालं होतं.

इकडे माझे हाल वाईट होते. पालक आला तर त्याच दिवशी शिजायचा. काकडी टेबलावरच संपायची. माझ्या पोटात एक सुकलेलं अर्धं लिंबू, सॉसची जुनी बाटली आणि सकाळचं दूध. माझ्या दिव्याला प्रकाश पाडायला वस्तू नव्हती. आणि समोर ती टोपली ऐटीत बसलेली. तिची कड उसवली तर आईने निळ्या दोऱ्याने शिवली. माझ्या दाराचं रबर कधीपासून सैल झालं होतं, ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

मग एका गुरुवारी बाबा दुपारीच घरी आले. हातात दुकानाच्या पिशव्या होत्या. त्यांनी माझं दार सताड उघडलं आणि मला भरायला लागले. सफरचंदं, डबाबंद पालक, लोण्याचे पुडे, रसाचे खोके, दोन कलिंगडं. जिथे बोट शिरेल तिथे काहीतरी कोंबलं. शेवटी दार खांद्याने रेटून लावलं आणि माझ्यासमोरच खुर्ची टाकून बसले. मी गळ्यापर्यंत भरलो होतो. इतका सुखात मी कित्येक दिवसांत नव्हतो.

आई आली ती घामाघूम होऊन. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात दुधाच्या बाटल्यांची पिशवी. क्लबात नुकतंच गाईंचं दूध यायला लागलं होतं, पण हॉलमध्ये फ्रिज नव्हता. ज्यांना वेळेवर यायला जमायचं नाही, त्यांचं दूध आता आई घरी आणून ठेवणार होती आणि लोक सवडीने घेऊन जाणार होते. तिने माझं दार उघडलं. एक सफरचंद गडगडत तिच्या पायाशी आलं.

"हे काय?"

"रिकामा होता, भरला," बाबा म्हणाले.

"रिकामा नव्हता. मी जागा ठेवली होती."

बाबा पंख्याखाली जाऊन बसले. आईने दोन खोके बाहेर काढून बघितले, पण बाटल्या उंच होत्या, कलिंगडं हलायला तयार नव्हती. ती आरडाओरडा करणारी बाई नाही. तिने बाटल्या पाण्याच्या बादलीत ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि मशीनवर जाऊन बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. संध्याकाळी समोरच्या इमारतीतली नर्स ड्यूटी संपवून आली, तोवर तिचं दूध नासलं होतं.

दारातलं बोलणं बाबांना आत ऐकू येत होतं, मलाही येत होतं.

"माफ कर गं," आई म्हणाली. "माझ्या हातून बाहेरच राहिलं."

"लहान्यासाठी घेतलं होतं हो, काकू. दुसरं काही पोटात ठरत नाही त्याच्या."

"आपलं घरचं आहे थोडं, ते घेऊन जा. पुढच्या खेपेला नाही होणार असं."

नर्स गेली. आई आत आली आणि काही झालंच नसल्यासारखी भाजी चिरायला बसली. तिने नवऱ्याचं नावही काढलं नव्हतं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"माझं नाव सांगायचंस," ते म्हणाले.

"कशाला? तुमचं घर ते माझं घर."

"तुला तिथे इतकं काय मिळतं?"

आईने सुरी खाली ठेवली. "पोर गेल्यापासून दिवसभर मला कोणी हाक मारत नाही. तिथे दारात पाय ठेवला की चौघं हाक मारतात. एवढंच."

"मी मारतो की."

"चहा हवा असला की मारता."

बाबा यावर रागावतील असं मला वाटलं. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि शेंगा सोलायला लागले. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर विचारलं, "हॉलमध्ये फ्रिज नाही?"

"नाही."

"मग हा देऊन टाकू. तिथे प्रत्येकाचं काही ना काही आहे. माझंच काही नाही. माझंही असू दे काहीतरी."

ते माझ्याबद्दल बोलत होते. ज्यांना मी माझ्या बाजूचा समजत होतो, त्यांनी मला उचलून वैऱ्याच्या घरी द्यायचं ठरवलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती नको म्हणेल. ती म्हणाली, "आतून पुसून देऊ या."

मला न्यायला गाडी घेऊन आले ते भोपळेकाकाच. मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. ठेंगणे, टकले, हातांच्या भेगांत माती. बाबांनी मला वरून धरलं, त्यांनी खालून, आणि जिन्याच्या वळणावर मी अडकलो. ना वर ना खाली. दोघांच्या मध्ये मी, त्यामुळे त्यांना एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती.

"तुमच्याकडे झुकवा जरा," भोपळेकाका म्हणाले.

"झुकवलाय. तुम्ही डावीकडे घ्या."

दोघे दम खात थांबले. मग खालून आवाज आला, "बरं झालं भेट झाली. मला तर तुमचा कंटाळा आला होता."

"माझा?" बाबांचा आवाज चढला.

"दर गुरुवारी ऐकतोय. आमचे हे म्हणतात पालक ओला भरायचा नाही. आमचे हे म्हणतात गाजराचा पाला आधी काढायचा. एवढा शहाणा माणूस आहे तरी कोण, म्हटलं, एकदा बघू तरी."

मग अगदी हळू, जणू दुसऱ्याच कोणाची चौकशी करावी तसं, बाबांनी विचारलं, "आणखी काय म्हणते?"

"खाली गेल्यावर सांगतो. आता हात सुटेल माझा."

मी वळणातून सुटलो.

आता मी इथे आहे. गुरुवारी मला श्वास घ्यायला फुरसत नसते. दूध, लोणी, अंडी, दार सारखं उघड-मीट. नर्सची बाटली खालच्या कप्प्यात, तिच्यासाठी राखलेली. माझ्या दाराचं रबर बाबांनी बदललं. दर गुरुवारी ते आधी माझ्यापाशी येतात, दाराची मूठ रुमालाने पुसतात, मगच बाकीच्यांना रामराम करतात. भोपळेकाकांशी त्यांची वजनावरून हुज्जत चालते, आणि ती दोघांनाही आवडते असं दिसतं. टोपल्या आता एक नाही, भिंतीपाशी रांगच असते. मी अजूनही त्यांच्याकडे सरळ नजरेने बघत नाही. त्या घरी जातात. मी इथेच राहतो.

इतर दिवशी इथे कोणी नसतं. मग मी त्या नव्याचा विचार करतो. त्यांनी घरी नवा घेतलाय, माझ्या जागेवर. राखाडी आहे म्हणे, दोन दारांचा.

माझी तुमच्याकडे मोठी मागणी नाही. दार नीट लावत जा, उघडं ठेवून गप्पा मारू नका. आणि माझ्यासमोर त्या नव्याचं कौतुक करू नका. मागच्या गुरुवारी नर्सने आईला विचारलंच, "कसा आहे हो नवीन फ्रिज?"

"चांगला आहे," आई लोण्याचे डबे माझ्या आत लावत म्हणाली. "अजिबात आवाज करत नाही."

मी कान टवकारून उभा होतो.

"पण दुपारी शिवायला बसले की घर अगदी सुनं वाटतं गं," ती म्हणाली. "याची घरघर असायची ना सोबतीला."

मशीनवर एकटी बसायची तेव्हा ती मलाही ऐकत होती तर. तिने दार लावलं, आणि मी होती नव्हती तेवढी ताकद लावून घरघरायला सुरुवात केली.