आधी ठरवलेलं मोजमाप

"‘बाळाला आराम पडेल’ म्हणजे नक्की काय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अहो, आराम म्हणजे आराम! एका लेकराची आई तुम्ही, तुम्हाला मी सांगायचं?"

लंगोटाच्या पुरळावरच्या नव्या मलमाची चाचणी होती. पहिलं बाळ चाचणीत घेण्याआधी तिची नोंदणी व्हायला हवी, आणि यश कशावरून ठरवणार ते त्यात आधीच लिहायला हवं. ती नोंदणी कार्यालयात होती, आणि ते डॉक्टरांकडून नीट लिहून घेणं हे तिचं काम.

"आईला तर विचारूच नका, आईला हवं तेच दिसतं," ती म्हणाली. "मोजायची लाली. मोजणार कोण? कुठलं मलम लावलंय हे ठाऊक नसलेली नर्स. कधी? सातव्या दिवशी. नाहीतर लाली उतरली नाही की तुम्ही म्हणाल, झोप तर सुधारली ना! शर्यत संपल्यावर घोडा निवडण्यातला प्रकार."

डॉक्टर हसले. "घरीही असंच चालतं का तुमचं?"

ते तिला झोंबलं. घरी बाळ आत्याच्या कडेवरून उतरत नव्हतं. नणंद मायेने सांभाळायची, हेच तर दुखणं होतं. हयगय केली असती तर बोलता तरी आलं असतं. नवऱ्याला तिने सकाळी सांगून ठेवलं होतं, "पाळणाघराचं संध्याकाळी नक्की करू."

संध्याकाळी घरचा जिना चढताना तिने ठरवलं. दार उघडलं की हात पुढे करायचे. झेपावला तर ठीक. नाही तर उद्यापासून पाळणाघर.

दार उघडलं. तिने हात पुढे केले. बाळाने आत्याच्या मानेत तोंड खुपसलं.

आत्ताच उठलाय, तिने मनाला समजावलं. खाण्याचं बघू. चमचा तिच्या हातात होता तोवर ओठ घट्ट मिटलेले. आत्याने धरताच तोंडाचा हा मोठा आ. भूक नव्हती मघाशी. पण लागलं-खुपलं की आईच आठवते! थोड्या वेळाने टेबलाच्या पायावर डोकं आपटलं, आणि लेकरू भोकाड पसरत, तिच्या मांडीला वळसा घालून, आत्याकडे रांगत गेलं.

तिसऱ्यांदा घोडा बदलला होता तिने. आणि दुपारी डॉक्टरांना केवढं शहाणपण शिकवलं होतं!

"घे ना गं वहिनी याला, हात भरून आला माझा."

"राहू दे. तुझाच लाडका तो."

नणंदेला ते वर्मी लागलं. ती फणकारली, "माझा? दिवसभर कंबर मी मोडायची, आणि दुपारी झोपायला लबाडाला तुझा तो विटका स्वेटर लागतो! नाकाशी धरल्याशिवाय डोळा मिटत नाही. काल माझी शाल दिली तर भिरकावली. सांगणारच नव्हते तुला."

तिने चमकून नणंदेकडे पाहिलं. म्हणजे हिलाही जळायला होतं तर!

मोजमाप म्हणून स्वेटर तिने आधी ठरवला नव्हता. नियमाने तो धरताच येत नव्हता. तरी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तेवढ्यात नवरा आत आला. "काय मग, पाळणाघराचं काय ठरलं?"

नणंदेचा हात बाळाच्या पाठीवर थबकला.

"कसलं पाळणाघर?" ती नवऱ्याला म्हणाली. "सख्खी आत्या घरात असताना?"

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिने रात्रभर अंगात घातलेला तोच विटका स्वेटर काढून बाळाच्या उशाशी ठेवला. दारापर्यंत गेली, परत आली, आणि नणंदेची शाल घडी करून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.