भेगेवरची काच

राजधानी कधीच गेली. कंधारात देऊळ तेवढं उरलं. भूकंपात त्याच्या सभामंडपाच्या भिंतीवरच्या लाल भाजक्या मातीच्या मूर्तींमधून भेग गेली, तेव्हा ड्रॉइंग मास्तर रेणुकादासांनी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच फुटेल. दर सोमवारी ते धास्तावूनच यायचे; काच शाबूत दिसली की जिवात जीव यायचा. त्याच भरवशावर लेक विशाखा नि तिच्या क्लासच्या पोरी सभामंडपात अभ्यासाला बसत.

आज काच फारच चकचकीत दिसली.

"पुसलीस का रे?" त्यांनी व्यंकटी गुरवाला विचारलं.

"न्हाई मास्तर, बदलली. देवापाशी फुटकी काच बरी न्हाई. दर आठ दिसाला नवी लावून राहिलो."

आत विशाखाच्या वहीवर वरून लाल भुकटी पडली. तिनं फुंकर मारली आणि पान उलटलं.