देह थोरलीचा, डिस्क धाकटीची

दोन जावांचा भरतकामाचा धंदा वेगळा झाला, तेव्हा मशिनं, दोऱ्याची रिळं, कात्र्यासुद्धा समोरासमोर ठेवून वाटल्या गेल्या. उरला लॅपटॉप. तो थोरलीच्या माहेरून आलेला. त्यातल्या नक्ष्या मात्र एकूण एक धाकटीने काढलेल्या. कोणीच मागे हटेना. शेवटी धाकटीने मागचं झाकण उघडून हार्ड डिस्क काढून घेतली आणि रिकामा लॅपटॉप थोरलीपुढे सरकवला. झाली वाटणी. देह एकीकडे, जीव दुसरीकडे. असं वाटून घेऊन आजवर कोणाचं भलं झालंय?

धाकटीने डिस्क आपल्या नव्या लॅपटॉपमध्ये बसवली. बाकी सगळं सुरू झालं, नक्षी काढायचं सॉफ्टवेअर तेवढं अडलं. हा तो कॉम्प्युटर नाही, म्हणे. हॉस्पिटलच्या गणवेशांवर नावं भरून द्यायचं पहिलंच स्वतंत्र काम तिने अंगावर घेतलं होतं. ते हुकलं, तर पुन्हा थोरलीच्या हाताखाली बसणं आलं. थोरलीही त्याचीच वाट बघत होती.

दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. लायसन्स जुन्या लॅपटॉपशी बांधलेलं आहे, तो म्हणाला, आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी चालतं. डिस्क परत जुन्यात घाला, तिथून लायसन्स सोडवा, मग नव्यात लावा. धाकटीने त्यालाच सोबत घेतलं आणि थोरलीचं दार वाजवलं.

थोरलीने पाणीसुद्धा विचारलं नाही. रिकाम्या डब्याची आठवण झाली का, एवढं मात्र विचारलं. डिस्क घालू दिली, पण आपल्या लॅपटॉपला धाकटीचा हात लागता कामा नये, अशी अट घातली. पासवर्ड तर धाकटीच्या डोक्यात, आणि ती तो तोंडाने सांगायला तयार नाही. दुरुस्तीवाल्याने हात जोडले, तेव्हा कुठे थोरली पासवर्डपुरती भिंतीकडे तोंड करून बसली.

लायसन्स सुटलं. पडद्यावर बटण आलं: याच कॉम्प्युटरवर पुन्हा सुरू करा. थोरलीने चटकन माऊस धरला.

"ताई, हात काढा."

"का काढू? एक बोट दाबलं की उद्या गुमान माझ्या खोलीत येऊन बसशील."

"दाबा मग. नावं हाताने भरीन, बोटं सोलली तरी भरीन. पण तुमच्या घरात पुन्हा सुई धरणार नाही."

दुरुस्तीवाला पायपुसण्याकडे बघत राहिला. थोरली पडद्याकडे बघत होती. कडेला बारीक चिन्हांची रांग. त्यातलं कुठलं टाका दाट करतं आणि कुठलं फिरवतं, हे तिने कधी शिकून घेतलं नव्हतं. अडलं की धाकटीला हाक मारायची, की काम झालं.

तिने माऊस दूर लोटला.

"ने. हे इथे ठेवलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकाला मला तुझ्या दारात यावं लागेल. तेवढी वेळ देवाने माझ्यावर आणू नये."

दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून दिली. धाकटीने ती रुमालात गुंडाळली. आभाराचा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तो ऐकावा लागायच्या आत थोरलीने दार लावून घेतलं.