भिकाजींचा तांब्या

दिवाळीच्या पाडव्याला देवाची पालखी समुद्रावरून वर देवळात नेतात, तेव्हा दांड्याला पहिला खांदा देण्याचा मान भिकाजींच्या घराचा. मान मोठा, आणि देवळाची घाटी त्याहून मोठी. गेल्या पाडव्याला त्या घाटीच्या मध्यावर भिकाजींच्या छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि शेजारी टपून चाललेल्या चुलतभावाने, रामचंद्राने, हळूच आपला खांदा दांड्याखाली सरकवला. तेवढ्यावर गप्प बसेल तर तो भाऊबंद कसला? बाजारात, एसटीत, मयताला, चार माणसं दिसतील तिथे तो सांगत सुटला, "फुडल्या पाडव्याक पयल्यापासून माकाच खांदो देवचो लागतलो. भिकाजीचा आता काय खरा नाय." एकदा भावकीत गेलेला मान परत येत नाही. भिकाजींचे वडील म्हातारपणीसुद्धा ती घाटी एका दमात चढले होते, आणि आपल्या हातून तो मान जाणार या विचाराने भिकाजींचा घास घशात अडकत असे.

अडकत असे म्हणजे, अडकून मग खाली जात असे. तीच तर पंचाईत होती. मुंबईत नोकरी होती तोवर भिकाजी छडीसारखे होते. निवृत्त होऊन गावी आले आणि बांगड्याचं तिखलं, उकडा भात व दुपारची झोप यांनी आपलं काम चोख केलं. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी तासभर चाला.

भिकाजी इमानेइतबारे चालले, आणि महिन्याभरात वजन वाढलं. त्यांची बायको सुभद्रा घरात त्यांना दुधी उकडून घालत होती, त्यामुळे तिला आधी वजनकाट्याचा संशय आला आणि मग नवऱ्याचा. पण बिचाऱ्याचा दोष नव्हता. वाडीत रस्त्याने जाणाऱ्याला "खंय चललस?" असं विचारलं नाही तर न विचारणारा माजला म्हणतात, आणि उत्तर दिलं नाही तर जाणारा. भिकाजी खरं तेच सांगत.

"खंय नाय, उगाच चलतंय."

"उगाच? मगे बस की. च्या टाकलाहा."

कामाला निघालेल्या माणसाला सोडतात, उगाच निघालेल्याला सोडत नाहीत. शेजारच्या काशीबाईंकडे घावणे, पुढच्या घरी खापरोळ्या, त्याच्या पुढे कालचं उरलेलं सुंगटाचं काहीतरी. तासाभराच्या चालण्यात भिकाजी तीन उंबरठे पार करत आणि ढेकर देत घरी येत.

शेवटी गणपतीला मुलगा आला, सर्वेश, तो पुण्याहून गाडीच्या टपावर ट्रेडमिल बांधूनच. माजघरात ते मावेना, म्हणून पडवीत ठेवलं. पडवी रस्त्याला लागून, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी भिकाजी पांढरे बूट घालून पट्ट्यावर चढले आणि धावू लागले. समोरून काशीबाई फुलं घेऊन जात होत्या. त्या थांबल्या.

"खंय चललस रे भिकाजी?"

भिकाजींनी धावता धावता इकडे तिकडे पाहिलं. "खंय नाय."

काशीबाई फुलं देवाला वाहून परत आल्या. भिकाजी धावतच होते. "इतको वेळ धावतस आणि आजून हयच?" त्या काळजीने म्हणाल्या आणि बघत उभ्या राहिल्या. मग कोणी खुर्ची आणली, कोणी पोराला कडेवर आणलं. सुभद्रेला सगळ्यांना चहा करावा लागला. एका सकाळी लाइट गेली, पट्टा जागच्या जागी थांबला, भिकाजी मात्र थांबले नाहीत. पोट मध्ये होतं म्हणून दात वाचले. वाडीला इतकी करमणूक जत्रेतही मिळाली नव्हती.

तरी भिकाजींनी नेट सोडला नाही. मशीनवरचे आकडे वाढत होते, छाती फुगत होती. एके दिवशी रामचंद्र पडवीसमोर उभा राहिला, मनापासून पाहिलं आणि म्हणाला, "धावता बरो. पण पालखी काय पडवीतल्या पडवीत फिरवची आसा?"

हे वर्मी लागलं. त्याच संध्याकाळी भिकाजी गुपचूप घाटी चढायला गेले. दुसऱ्या वळणावर पाय लटपटले, तिसऱ्यावर बसले. पट्टा बिचारा पायाखालून आपण होऊन सरकत होता, घाटी कोणासाठी सरकत नाही. घरी येऊन ते सुभद्रेला म्हणाले, "माझ्यान होवचा नाय गो. मान गेलो." त्यांचे डोळे भरून आले होते.

सुभद्रेला त्यांचा राग येई, कीव येई आणि प्रेमही येई. आज तिन्ही एकदम आली. ती आत गेली, पितळी तांब्या चिंचेने लखलखीत घासला, पाण्याने भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"सकाळी फाटफटी हो घेवन धावा. तांब्यो हातात आसलेल्याक कोण इचारता, खंय चललस म्हणान?"

आता वाडीत घरोघरी संडास आहेत, भिकाजींकडे तर दोन, एक फरशीचा. पण जुनी रीत माणसाच्या अंगात मुरलेली असते. तांब्या घेऊन निघालेल्या माणसाला हाक मारत नाहीत, अडवत नाहीत, त्याच्याकडे नीट बघतही नाहीत. आणि तो धावत असेल तर वाट सोडून बाजूला होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिकाजींनी धूम ठोकली. काशीबाईंनी "खं..." एवढं म्हटलं, तांब्या पाहिला आणि लगबगीने तुळशीकडे तोंड फिरवलं. पुढच्या घरची माणसं अंगणातून आत गेली. समोरून गुरं घेऊन येणाऱ्याने गुरं कडेला घेतली. भिकाजी सुसाट. माडाच्या बागेतून, व्हाळ ओलांडणाऱ्या साकवावरून, ओल्या वाळूवर. पायांपुढून कुर्ल्या पळत होत्या, वारा बनियनमध्ये शिरत होता, तांब्यातलं पाणी डुचमळत होतं, आणि आपण शाळा चुकवून आलोय असं वाटून त्यांना एवढं हसू फुटलं की एकदा वाळूवर बसून हसून घ्यावं लागलं. मग घाटी. पहिल्या दिवशी दोन वळणं, पुढच्या आठवड्यात चार. घरी येऊन तांब्यातलं पाणी ते तुळशीला घालत. ट्रेडमिलवर सुभद्रेने गोधड्या वाळत घातल्या.

आता वजन उतरलं, गाल बसले, आणि वाडीने याचा अर्थ आपल्या परीने लावला. भिकाजीचं पोट कामातून गेलंय. काशीबाई कुड्याची साल घेऊन आल्या. कोणी डाळिंबाची साल, कोणी ताक. "रोज धावता रे बिचारो, आणि किती लांब जाता," लोक हळहळत. भिकाजी मान खाली घालून सगळं घेत. खरं सांगावं, तर उद्यापासून घावणे होतेच.

रामचंद्राने मात्र थेट देवळात विषय काढला. मानकऱ्यांपुढे तो म्हणाला, "पालखी खांद्यार आणि ह्येका मधीच लागली तर? देव खंय ठेवचो?"

प्रश्न रास्त होता. देवळाचे वडीलधारे दाजी गावकर यांनी दाढी खाजवली. मग त्यांनी भिकाजींना अगदी जपून विचारलं, "बाबा, आता कसा वाटता?"

सुभद्रा मागे बायकांत बसली होती. तिने डोळ्यांनीच खुणावलं, सांगून टाका. भिकाजींच्या जिभेवर आलंही होतं. पण ते एवढंच म्हणाले, "पाडव्याक बघा."

"मान भिकाजीचो," दाजी म्हणाले. "पण रामचंद्र बाजूक चलतलो. गरज लागली तर खांदो देतलो. आणि मधी पालखी सोडलीस भिकाजी, तर मान तेच्या घरात गेलो म्हणान समज."

पाडव्याला ढोल वाजले आणि भिकाजींनी दांडा खांद्यावर घेतला. वाळू संपली, घाटी लागली. शेजारी रामचंद्र, हात तयार ठेवून, डोळे भिकाजींच्या पोटावर. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. गेल्या वर्षीची जागा आली आणि मागे पडली. भिकाजींच्या पायांना प्रत्येक पायरी ओळखीची होती. ढोलाच्या ठेक्यावर ते इतके झपाझप चढू लागले की मागचे ओरडले, "जरा सावकाश रे." चौथ्या वळणावर त्यांनी कडेला पाहिलं तर रामचंद्र नव्हता. तो खाली एका धोंड्यावर बसून उपरण्याने वारा घेत होता. भिकाजींनी पालखी देवळाच्या पायरीला लावली, वडिलांची आठवण आली, आणि घामाबरोबर दोन आसवंही पुसून घेतली. दाजी गावकरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तरी भिकाजी पहाटे तांब्या घेऊन निघाले, आता सवयच झाली होती. साकवाजवळ समोरून धुक्यातून कोणीतरी धापा टाकत धावत येत होतं. रामचंद्र. पायात कोरे करकरीत बूट, हातात काठोकाठ भरलेला तांब्या.

दोघे समोरासमोर आले. भिकाजींना विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण रीत ती रीत. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली आणि तो वळणाआड होईपर्यंत माडाच्या शेंड्याकडे बघत उभे राहिले.