कुरकुरीविना आठ महिने

"या कपाटासाठी हातभर लांब हात वेगळा करून घ्यावा लागेल," खालच्या कप्प्यात खांद्यापर्यंत शिरलेली सून पुटपुटली. कोपऱ्यातलं पातेलं बोटांना लागत होतं, हाताला येत नव्हतं. ती उलटी सरकत बाहेर आली, तर मागे सासरे कपबशी घेऊन उभे.

"काय म्हणालीस?"

"कुठे काय, बाबा. छानच आहे कपाट."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. कौतुकानं माणसाचा चेहरा उतरतो, हे तिनं याच घरात पाहिलं.

सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून बाबांना लागेल असं बोलायचं नाही, हे घरात न ठरवताच ठरलं होतं. खुर्ची डुगडुगली तरी छान, दार करकरलं तरी छान. आणि याच आठ महिन्यांत बाबांना नवीन काही म्हणून सुचलं नव्हतं.

एरवी ते डोकेबाज सुतार म्हणून प्रसिद्ध. उलटं केलं की शिडी होणारं स्टूल त्यांचं, ओढला तरी पायावर न पडणारा खण त्यांचा. "सुचतं कसं हो तुम्हाला?" लोक विचारायचे. "रंधा मारता मारता," ते म्हणायचे. त्या स्टुलाच्या आधी महिनाभर सासूबाईंनी माळ्यावरच्या डब्यांपायी घर डोक्यावर घेतलं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तो विषय काढत नव्हतं एवढंच.

दुपारी फर्निचरच्या दुकानाचे मालक वर्कशॉपमध्ये आले. बाबांचा सगळा माल तेच उचलायचे.

"काका, या महिन्यात नवीन काही दाखवा. नाहीतर मला कारखान्याचा माल ठेवावा लागेल. जुनं किती दिवस खपवू?"

"चालू आहे काम," सुनेचा नवरा घाईनं म्हणाला. "बाबांच्या डोक्यात आहे."

बाबांच्या पुढ्यात कोरी फळी होती. चहा घेऊन आलेल्या सुनेकडे त्यांनी मान वर करून पाहिलं.

"सकाळचं बोल गं. कपाटाचं. आणि माझी भीड धरू नकोस."

नवरा डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तिनं ट्रे टेकवला.

"मागचं एक पातेलं काढायला पुढची दहा बाहेर मांडावी लागतात, बाबा. कंबरेचे तीन तेरा होतात. ज्यांनी कधी आत हात घातला नाही, त्यांनीच कपाटं करायची का?"

"हं. मग?"

"मग काय. पातेल्यानं यावं ना माझ्याकडे. मीच का जायचं दरवेळी?"

पेन्सिल कानामागून खाली आली. फळीवर आधी दार उमटलं, मग दारालाच जडवलेले कप्पे. दार उघडलं की अख्खा कोपरा बाहेर. बाबा मध्येच विचारत होते, "वजनदार काय ठेवतेस? कुठल्या हातानं उघडतेस?" आणि तीही सांगत होती, आवाज चढवून.

मालक वाकून बघत हसले. "बघा, मी म्हणत नव्हतो? काकांचं डोकं अजून तसंच आहे."

नवऱ्याच्या जिवात जीव आला. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"डोकं माझं नव्हतंच," ते म्हणाले. "स्टूल, खण, सगळं हिच्या सासूला खटकलेलं. मी नुसती लाकडं कापली. आणि ती समोर होती तोवर एकदाही हे कुणाला सांगितलं नाही."