वाळल्यावर दिसलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. ज्यांच्या घरी मी होतो, त्या महादेवप्पांची थोरली लेक जगदेवी अक्कलकोटला नांदायला गेली, ते साल १९७५. त्याच साली दिवाळीत माझ्याकडून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मला तुमच्यासमोर उभं राहवत नाही.

मी जन्माचा फळा नव्हे. सोलापुरात कोंडीबा कोष्ट्यांच्या घरी खड्ड्याचा हातमाग होता. त्यावर बसायची सागवानी फळी म्हणून मी बरीच वर्षं राबलो. कोंडीबा खड्ड्यात पाय सोडून माझ्यावर बसत आणि लुगडी विणत. पुढे माग बंद पडला, ते मिलमध्ये लागले आणि मी भिंतीला टेकून राहिलो.

शेजारच्या महादेवप्पांचा सिद्धनाथ शाळेत जाऊ लागला, तेव्हा कोंडीबांनी मला रंधा मारला, काजळी आणि डिंक कालवून काळं केलं आणि त्यांच्या घरी नेऊन ठेवलं. त्या पोराबरोबर तेही खडू धरायला शिकले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, ते माझ्यावर मावलं नाही. ‘बा’ माझ्या कडेवरून भिंतीवर गेला. सिद्धनाथच्या आईनं, राजाबाईंनी, चुना लावताना कित्येक वर्षं तेवढी जागा सोडली.

सिद्धनाथ हुशार निघाला. पुण्यात व्यवस्थापनाचं शिकायला गेला. त्या दिवाळीत घरी आला तो एक काळजी घेऊनच. मुंबईची एक कंपनी गिरण्यांना कारभार सुधारण्याचा सल्ला देत असे. तिथं उन्हाळ्यात दोन महिने उमेदवारी करायला एकच मुलगा घेणार होते. मुलाखतीत पुस्तकातलं विचारत नसत. एखाद्या धंद्याची अडचण सांगत आणि ती सोडवून दाखव म्हणत. त्याला ते लोक ‘केस’ म्हणत.

“कुणावर केस टाकलीस रं?” राजाबाई घाबरल्या.

“केस न्हवं गं आई, परीक्षा हाय.”

महादेवप्पांना एवढंच कळलं, की यात निवड झाली तर पोराला मागापुढं उभं राहावं लागणार नाही. त्यांची स्वतःची पंचवीस वर्षं तिथंच गेली होती. त्यांनी मला पुसून मधल्या खोलीत आणलं.

रोज संध्याकाळी सराव चाले. साहेब होत कोंडीबा. महादेवप्पांचा लग्नातला कोट घालून ते पोत्यावर बसत.

“या मिस्टर! आमच्या मिलमदी माग तेवढंच, मानसं तेवढीच, पन कापड कमी निगतंय. का ते सांगा.”

“साहेब, सूत कसं येतं?”

“झ्याक येतंय.”

“माग जुने झालेत का?”

“माज्यापरीस तरणे हायत.”

सिद्धनाथ प्रत्येक उत्तर माझ्यावर लिहून घेई. मग त्यानं विचारलं, “माणसं सगळी मागावर उभी असतात का?”

कोंडीबा हसायला लागले. हसता हसता त्यांना दम लागला. “आता धरलंस बग! मी कुटं उभा असतो? दम लागला की सुताच्या कांड्यांच्या पेट्यांमागं बसतो. माजे दोन माग तुजा बा आन् बाकीचे आळीपाळीनं बघत्यात. त्यांच्या मागांकडं तेवढं दुर्लक्ष हुतंय. मग कापड कमीच की! पास झालास, मिस्टर!”

त्या खात्यात ती रीतच होती. थकलेल्या माणसाला सगळ्यांनी मिळून निवृत्तीपर्यंत न्यायचं. बाहेर कुणी बोलत नसे.

सिद्धनाथनं लिहिलं, ‘एक माणूस बसून. त्याचे माग इतरांकडे.’

“हे पूस आदी,” महादेवप्पा म्हणाले. त्यानं ओलं फडकं फिरवलं. मी स्वच्छ काळा दिसू लागलो.

पण मित्रांनो, ओल्या फडक्यानं खडू जात नाही. तो फक्त दबतो. सकाळी मी वाळलो आणि ती ओळ माझ्यावर पुन्हा पांढुरकी उमटली. सिद्धनाथनं ती पाहिली. मग त्यानं वही काढली आणि ती ओळ उतरून घेतली. मला तेव्हा काळं राहता आलं असतं, तर!

मुलाखतीत त्याला गिरणीचीच अडचण विचारली. त्यानं ती ओळ सांगितली, माणूस पेट्यांमागं बसतो हेही सांगितलं. कंपनीचे साहेब खूश झाले आणि त्याची निवड झाली. राजाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पहिला पेढा कोंडीबांना दिला.

उन्हाळ्यात कंपनीला काम मिळालं ते महादेवप्पा आणि कोंडीबांच्याच मिलचं. सिद्धनाथनं कुणाचं नाव सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. पेट्यांमागं बघायचं, हे साहेबांना आधीच ठाऊक होतं. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना कोंडीबांना घरी बसवलं.

“मी पुसलं होतं की, अण्णा,” सिद्धनाथ म्हणाला.

“फळ्यावरचं पुसलंस,” महादेवप्पा म्हणाले. “वहीतलं?”

आठ दिवसांनी कोंडीबा आले. माझ्यासमोर बसले आणि माझ्या अंगावरून हात फिरवला.

“तोंड का पाडलंस रं? उत्तर बराबर हुतं की.”

“मामा, मला शिव्या तरी घाला.”

“शिव्या घालायला दम पुरत न्हाय आता.”

त्यानंतर मला भिंतीकडं तोंड करून ठेवलं, ते त्या घरात पुन्हा कुणी वळवलं नाही. दोन वर्षांनी महादेवप्पांनी मला तुमच्या या बालवाडीत आणून दिलं. ज्या माणसानं मला काळं करून अक्षर दिलं, त्याचंच गुपित मी अंगावर धरलं आणि वाळल्यावर दाखवलं. हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मला कोरड्या फडक्यानं नीट पुसत जा. आणि कुणाची गोष्ट माझ्यावर लिहायची असेल, तर आधी त्या माणसाला विचारा, “लिहू का?” तो नको म्हणाला, तर खडू खाली ठेवा.

कोंडीबा १९७६ सालच्या ऑगस्टमध्ये, एका सोमवारी सकाळी, दम्यानं वारले.